लक्ष कुठे होतं?

आपल्या घरांत कुणाला भाजलं, कापलं, शॉक बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लक्ष कुठे होतं?" विचारणाऱ्याच्या मनात रागापेक्षा धसकाच जास्त असतो, हे मान्य. पण हा प्रश्न एकदा विचारला गेला की चौकशी तिथेच संपते. ज्याला लागलं, त्याचीच चूक ठरते आणि वस्तूला कुणी काही विचारत नाही. अपघात स्वयंपाकघरातला असेल तर चूक कुणाची ठरते, हे वेगळं सांगायला नको.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात रात्री दोनला सर्व्हर बंद पडतो, हजारो लोकांचे व्यवहार अडकतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून झाल्या प्रकाराची चिरफाड करतात. त्या बैठकीचा एक नियम आहे. "कुणी केलं?" असं विचारायचं नाही. "काय झालं, आणि ते होऊ कसं शकलं?" असं विचारायचं. यामागे दयाबुद्धी वगैरे काही नाही. माणूस दमतो, विसरतो, त्याचा फोन वाजतो, हे आम्ही धरूनच चालतो. एका दमलेल्या मुलाने एक चुकीचं बटण दाबलं आणि सगळं कोसळलं, तर तसं बटण ठेवणारी व्यवस्थाच कच्ची म्हणायची. ही शिस्त आम्ही विमानवाहतुकीसारख्या क्षेत्रांकडून उचलली. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मानवी चुकांवर १९९० साली पुस्तक लिहिलं. संरक्षणाचे थर भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांसारखे असतात, ही त्यांची उपमा पुढे जगभर पसरली. प्रत्येक चकतीला भोकं असतातच, पण सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात होतो.

ऑफिसातली ही शिस्त घरी वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती आली.

माझी मावशी रामबागेत राहते. वय सदुसष्ट. चाळीस-एक वर्षं तिने त्याच ओट्यावर स्वयंपाक केलाय. त्या सकाळी तुरीच्या डाळीचा कुकर लावून ती भाजी चिरत होती. बराच वेळ शिट्टी झाली नाही, म्हणून ती बघायला वळली आणि झाकण उडालं. उकळती डाळ उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. सुदैवाने चेहरा वाचला.

शेजारची सून नर्स आहे. ती आवाज ऐकून धावत आली. तिने आधी गॅस बंद केला, मावशीच्या हातातल्या बांगड्या आणि पाटली उतरवली आणि हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला. पूर्ण वीस मिनिटं. काका हळद घेऊन आले होते, कुणी टूथपेस्ट आणली होती, कुणी फ्रिजमधला बर्फ काढला होता. तिने सगळ्यांना बाजूला सारलं. भाजल्यावर साधं गार वाहतं पाणी आणि तेही वीस मिनिटं, हाच प्रथमोपचार. बर्फाने कातडीला आणखी इजा होते, आणि हळद-पेस्ट लावली तर डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. बांगड्या आणि अंगठ्या सूज येण्याआधीच उतरवायच्या, नंतर त्या कापाव्या लागतात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाण्याने बरंच वाचवलं.

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा घरात तोच प्रश्न फिरत होता. काका विचारत होते, फोनवरून आत्या विचारत होती. मावशी स्वतःच सगळ्यांना सांगत होती, "माझंच मेलीचं लक्ष नव्हतं. शिट्टी होत नाही हे कळायला नको होतं का?" हात बँडेजमध्ये, आणि चेहऱ्यावर जणू तिनेच काही गुन्हा केलाय. मला ते बघवेना. मी मावसभावाला म्हटलं, "कुकर टाकलास का?" तो भंगारात द्यायला पिशवीत भरून ठेवलेला होता. आम्ही तो बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर मांडून बसलो.

कुकर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. उघड्या पातेल्यात पाण्याचं तापमान साधारण शंभर अंशांवर थांबतं. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. हा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून तीन पहारेकरी बसवलेले असतात. पहिली शिट्टी. दाब ठरावीक झाला की ती उचलली जाते आणि वाफ सोडते. दुसरा झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह. त्याच्या मध्यभागी कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. शिट्टीची नळी तुंबली किंवा आतलं पाणी आटलं की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तिसरं गॅस्केट. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कडेला एक खाच ठेवलेली असते. दोन्ही वाटा बंद झाल्याच, तर रबर त्या खाचेतून बाहेर ढकललं जातं आणि वाफ तिथून सुटते.

मावशीच्या कुकरची शिट्टीची नळी डाळीच्या सालांनी गच्च भरली होती. पहिला पहारेकरी गेला, ठीक आहे, असं होतंच. पण पुढचे दोन का झोपले? सेफ्टी वॉल्व्ह दोन वर्षांपूर्वी गळायला लागला म्हणून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून बदलून आणला होता. कंपनीच्या सेवा केंद्रातून आम्ही अस्सल वॉल्व्ह आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. अस्सलच्या मध्यभागी वेगळ्या रंगाचा धातू स्पष्ट दिसत होता. दुसऱ्याच्या मध्यभागी काहीच नव्हतं. तो नुसता भरीव स्क्रू होता, वॉल्व्हच्या आकाराचा. तो कधीच वितळला नसता. गॅस्केटही बाजारातलं, जाडसर आणि कडक झालेलं, खाचेतून वाकून बाहेर येणं त्याला शक्यच नव्हतं.

म्हणजे दोन वर्षं त्या कुकरला एकच पहारेकरी होता, आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. कारण डाळ रोज शिजत होती! मी मावशीला दोन्ही वॉल्व्ह दाखवले आणि सांगितलं, "तुझं लक्ष नसेल तेव्हा काम करायचं, एवढ्यासाठीच हा बनवलेला असतो. तुझं लक्ष असतं तर याची गरजच काय होती?" तिने डाव्या हाताने तो भरीव स्क्रू उचलून बराच वेळ बघितला. मग काकांच्या हातात ठेवला. त्या दिवसानंतर घरात लक्षाचा विषय निघालेला नाही.

घरातल्या बहुतेक धोकादायक वस्तूंमध्ये असा एक भाग असतो, जो एरवी काहीच करत नाही. तो बिघडला तरी वस्तू चालत राहते. आपल्या काटकसरीच्या सवयीत हाच भाग नेमका मार खातो. "चालतंय ना, मग कशाला बदलायचं?" या हिशेबावरच आपल्या आधीच्या पिढीने संसार उभे केले, मुलं शिकवली. त्या काटकसरीला मी नावं ठेवणार नाही. पण मिक्सरचं भांडं चालतंय की नाही हे वापरून कळतं, सेफ्टी वॉल्व्ह चालतोय की नाही हे वापरून कळत नाही. त्याला वेगळा नियम लावावा लागतो.

मावशीच्या हाताची पट्टी निघाली त्या आठवड्यात मावसभाऊ आणि मी त्या घरातले असे सगळे रिकामे बसलेले भाग शोधायचं ठरवलं.

सुरुवात विजेच्या बोर्डापासून. तिथे एमसीबी होते. बहुतेकांना वाटतं, ते आहेत म्हणजे शॉकची भीती नाही. एमसीबी वायरिंगला वाचवतो. भार जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर तो पडतो. माणसाला वाचवणारा भाग वेगळा, त्याचं नाव आरसीसीबी. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातोय असं समजून क्षणार्धात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. मावशीकडे तो नव्हताच. बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पडायला लागला. मावशी वैतागली. इलेक्ट्रिशियन येऊन म्हणाला, "भैया, ये परेशान करेगा, निकाल देते हैं।" आम्ही नको म्हटलं आणि एकेक वस्तू बंद करून बघितली. गीझर लावला की पडत होता. त्याचा एलिमेंट आतून फुटून पाण्यात करंट गळत होता. अर्थिंग चांगलं होतं म्हणून आजवर निभावलं. आरसीसीबीवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. ते अधूनमधून दाबायचं. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर तो नुसता शोभेचा आहे.

मग गॅस. नारिंगी सुरक्षा नळीवर आयएस ९५७३ हा क्रमांक आणि तारीख छापलेली असते. नळी पाच वर्षांनी बदलायची, वरून धडधाकट दिसली तरी. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशी चार अक्षरं. त्या मुदतीत सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करता येतो. गॅसला जो वास येतो तो मुळात त्याचा नाही. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणजे वास हाही एक पहारेकरीच.

आणि इथेच आपल्या इंदूरच्या थंडीतला सगळ्यात मोठा धोका येतो, गॅस गीझर. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की खोलीतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. अंघोळीच्या वाफेने झालं असेल असं वाटतं, आणि कडी उघडण्याआधीच माणूस कोसळतो. इथे "लक्ष ठेव" म्हणून काहीच उपयोग नाही, कारण लक्ष जाईल असं काही घडतच नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या बाथरूममध्ये असा गीझर होता आणि खिडकीला थंडी येते म्हणून पुठ्ठा लावलेला होता. मावसभावाने त्यांच्याशी बोलून गीझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत हलवला, आत फक्त गरम पाण्याचा नळ नेला. खर्च एका रविवारच्या मजुरीचा आणि थोड्या पाइपचा. ज्यांना हलवणं शक्य नसेल त्यांनी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडं ठेवावं आणि मगच अंघोळीला जावं. खिडकी किंवा झरोका मात्र कधीही बुजवू नये.

मावसभावाच्या तीन वर्षांच्या लेकीच्या खेळण्यांत एक वाजणारी बाहुली निघाली. तिच्या सेलच्या झाकणाचा स्क्रू हरवला होता, वर चिकटपट्टी होती. आत नाण्यासारखे चपटे सेल. असा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, म्हणून वाट न बघता, उलटी करवायचा प्रयत्न न करता थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. एवढाच त्या बारीक स्क्रूचा अर्थ. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या बाहुलीवर ते नव्हतं.

दारामागच्या खुंटीवर हेल्मेट होतं, मागच्या पावसाळ्यात मावसभाऊ घसरून पडला तेव्हा डोक्यात असलेलं. वरून एक ओरखडा, बाकी नवं कोरं. पण हेल्मेटमध्ये काम करतो तो आतला थर्मोकोलसारखा थर. तो स्वतः चेपला जाऊन धक्का पचवतो आणि हे एकदाच करू शकतो. मार बसलेलं हेल्मेट काम करून निवृत्त झालेलं असतं. ते बदललं.

आयएसआय चिन्हाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते नुसतं छापून विकणारेही आहेत. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी आयएस २३४७, दुचाकीच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१, आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, चालू आहे की नाही, हे अर्ध्या मिनिटात कळतं. बर्तन बाजारातल्या दुकानात उभं राहूनही हे करता येतं. घरगुती कुकरला हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. तरीही त्यानंतर बिनचिन्हाचे कुकर ऑनलाइन विकले गेले आणि २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विकणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांना दंड करून, कुकर परत घ्या आणि ग्राहकांचे पैसे द्या, असे आदेश काढले.

"मग तुम्ही त्या दुरुस्तीवाल्यावर तक्रार केली का?" असं मला अनेकांनी विचारलं. नाही केली. मावशीच नको म्हणाली. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, दोन्ही वॉल्व्ह त्याच्यापुढे ठेवले. तो घाऊक बाजारातून बिननावाच्या डब्यात शंभर-शंभर आणत होता, त्यात वितळणारं काही असावं लागतं हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याने उरलेला डबा आमच्यासमोर बाजूला काढला. पुढे त्याचं काय केलं, ते मी सांगू शकत नाही. बिल आमच्याकडे नव्हतंच. हे बरोबर केलं की नाही, यावर मावसभावाचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो, तक्रार झाली असती तर घाऊक विक्रेत्यापर्यंत धागा गेला असता. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

ज्यांना जायचं असेल, त्यांच्यासाठी वाट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांना जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, हाही त्यात दोष मानला जातो. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, वकील सक्तीचा नाही, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. गॅसगळतीसाठी १९०६. गॅसचा अपघात झाला तर वितरकाला लगेच लेखी कळवा, कारण तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा उतरवलेला असतो आणि त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मात्र या सगळ्याला पुरावा लागतो. फुटलेली वस्तू भंगारात देऊ नका, धुऊ नका, जशी आहे तशी पिशवीत बांधून ठेवा. फोटो काढा. बिल आणि दवाखान्याचे कागद एकत्र ठेवा. आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण ती हातात असेल तरच.

मावशीच्या ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून आता एक कागद चिकटवलाय. नळी कधी बदलायची, वॉल्व्ह आणि गॅस्केट कधी बदललं, टेस्टचं बटण शेवटचं कधी दाबलं, सगळ्याच्या तारखा. अक्षर काकांचं आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते चष्मा लावून बोर्डाजवळ जातात, बटण दाबतात, अंधार झाला की "चालू आहे" असं मोठ्याने सांगतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी मावशी प्लास्टिकचे डबे वाण म्हणून द्यायची. यंदा तिने बाटल्या धुवायचे बारीक तारेचे ब्रश वाटले. तिळगूळ हातावर ठेवताना प्रत्येकीला ती सांगत होती, "कुकर लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून बघायची. आरपार दिसलं नाही तर याने साफ करायची." कुणीतरी विचारलं, हे कसलं बाई वाण? मावशीने पदर बाजूला करून हात दाखवला. मग सगळ्या आत गेल्या आणि तिच्या नव्या कुकरचा वॉल्व्ह आळीपाळीने हातात घेऊन बघत बसल्या. मी बाहेर काकांबरोबर चहा घेत होतो. आतून एकीचा आवाज आला, "अगं, माझ्याकडचा तर सगळा एकाच रंगाचा आहे!"